बिनचवीचं पाणी

खारजुईच्या मिठागरावर पुंडलिकच्या जिभेला मान होता. वाफ्यातलं पाणी मीठ धरायला तयार झालं की नाही, हे बघायला मुकादमाकडे काचेची नळी होती. नळी बुडवून झाली तरी तो पुंडलिककडे बघायचा. पुंडलिक करंगळी पाण्यात बुडवून जिभेला लावायचा, खाडीकडे जरा वेळ बघत राहायचा आणि म्हणायचा, "अजून दोन दिस." किंवा, "उद्या मीठ ओढा." पंचवीस वर्षांत तो फारसा चुकला नव्हता.

खारजुई वडखळ नाक्यापासून दीड कोस आत, खाडीच्या अंगाला. चाळीसेक घरं, एक तळं, एक विहीर. पाण्याची पाइपलाइन दर निवडणुकीला वडखळपर्यंत यायची आणि मतं मोजून झाली की परत जायची. तरी लोकांचं भागत होतं. शहाण्णवच्या भाद्रपदात मोठ्या उधाणाला खाडीचा बांध फुटला. सत्तर हात खांड पडली. दोन दिवस भरतीचं पाणी शेतांत, तळ्यात, विहिरीत शिरत राहिलं. बांध बांधून काढला, शेतांतलं पाणी ओसरलं, पण विहिरीची चव गेली ती गेलीच. आठवड्यातून दोनदा टँकर येऊ लागला, त्याचं पाणीही मचूळच. कधी एकदा, कधी नाहीच. मग बायका नाइलाजाने विहिरीत बादली सोडायच्या.

मार्गशीर्षात पुंडलिकचे पाय सुजले. आधी घोटे, मग पोटऱ्या. बोटाने दाबलं की खळगा तसाच राहायचा. त्याच्या बायकोने, हौसाने, त्याला पेणला नेलं. डॉक्टरने रक्त, लघवी तपासून घेतली आणि तिला बाहेरच्या बाकावर बोलावलं.

"दोन्ही मूत्रपिंडं अर्ध्याहून जास्त गेली आहेत. आठवड्यातून दोनदा मुंबईला नेऊन रक्त धुवून घेता येईल?"

हौसाने पदराच्या गाठीतली चिल्लर चाचपली. डॉक्टरलाही उत्तराची आशा नसावी.

"मग एवढं करा. मीठ बंद. तुमच्या त्या विहिरीचं पाणी बंद, एक घोटसुद्धा नाही. बाटलीचं पाणी द्या. दिवसाला दीड लिटर, त्याच्यावर नाही."

एसटीत पुंडलिक खिडकीशी बसला होता. हौसाने सांगितलं तसा तो हसला. "मीठ बंद? माला?" एवढंच म्हणाला आणि वडखळ येईपर्यंत बाहेरची मिठागरं बघत राहिला.

वडखळच्या नाक्यावर कमळाकरची टपरी होती. अलिबागला जाणारे मुंबईचे लोक तिथे गाडी थांबवायचे, पोह्याचे पापड घ्यायचे, बाटलीचं पाणी घ्यायचे. हौसा रोज दुपारी मिठागरावरून सुटली की तशीच नाक्यावर जायची. पाय मिठाने फुटलेले, त्यात डांबर तापलेलं. दोन बाटल्या पदरात गुंडाळून परत यायची. दोन बाटल्यांत तिच्या मजुरीतलं बरंचसं जायचं. पहिल्या दिवशी तिने झाकण फिरवलं, कडी तुटल्याचा बारीक आवाज झाला आणि तिला फार बरं वाटलं. औषधाच्या बाटलीसारखंच हे, असं तिच्या मनाने घेतलं.

पुंडलिकने पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"यात मीठ हाय."

"कायतरीच. सील फोडून दिलाय ना तुमच्यासमोर?"

"सील असंल. मीठ हाय."

"आजारानं तोंड बिघडलंय तुमचा. डॉक्टर बोलला व्हता, तोंड बिघडंल म्हणून." डॉक्टर असं काही बोलला नव्हता. पण त्या क्षणी हौसाला ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याने पेला दूर सारला, तेव्हा ती चिडली. "उन्हातानाची चालत जाते मी. कुणासाठी? प्या मुकाट." तो प्यायला. मग रोजच प्यायला लागला. पौष गेला, माघ गेला. सूज उतरत नव्हती. तोंडावरही यायला लागली होती. हौसा म्हणायची, अजून पोटात गेलंय किती, गुण यायला वेळ लागतो.

फाल्गुनात एका दुपारी ती टपरीवर आली तर पुढे कोणी नव्हतं. तिने हाक मारली. मागून कमळाकरचा आवाज आला, "थांब गो, आलो." पण उन्हात उभं राहवेना, म्हणून ती टपरीला वळसा घालून मागे गेली.

कमळाकर पाटावर बसला होता. समोर निळं पिंप, हातात नरसाळं. एका बाजूला एसटी स्टँडवरून, गाड्यांतून गोळा केलेल्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला भरलेल्या बाटल्यांची रांग. मेणबत्ती जळत होती. तिच्यावर झाकणाची कडी धरून तो ती चिकटवत होता. पिंपाला नळी लावली होती ती मागच्या बोअरिंगची. बोअरिंगच्या तोंडाभोवती पांढरी खरवड जमली होती.

ती खरवड काय असते हे हौसाला कोणी सांगायला नको होतं. ती पुढे झाली, बोट फिरवून जिभेला लावलं.

"अगो, बोअरचंच हाय," कमळाकर म्हणाला. तो दचकला होता, पण लाजला नव्हता. "साफ हाय. पन्नास लोक पितात रोज. कोण मेला काय?"

हौसाने बोट पदराला पुसलं.

"तू रोजची. आधीच सांगितलं असतंस तर तुला कमी लावलं असतं. रिकाम्या बाटल्या तरी आणून देत जा, टाकून काय देतेस?"

ती परत फिरली. दीड कोस चालताना रडू येईल असं तिला वाटत होतं, पण आलं नाही. पुंडलिकचा पेला दूर सारणारा हात तेवढा दिसत राहिला. पन्नास लोक पितात, पण ते एक-दोन घोट पिऊन पुढे अलिबागला जातात. आपण त्याला अडीच महिने ते पाजलं. नको म्हणत असताना पाजलं.

घरी येऊन तिने सांगितलं, "बाटल्या संपल्या आज." पुंडलिकने मान हलवली.

त्यानंतरचे पंधरा दिवस तिने जो जे सांगेल ते केलं. टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवली. शेवग्याच्या बिया कुटून टाकल्या. शेजारच्या रंभाने सांगितलं म्हणून तीन मडकी एकावर एक ठेवली. वरच्यात वाळू, मधल्यात कोळसा, आणि खालच्यात थेंब थेंब पाणी. टँकर आला नाही त्या दिवशी विहिरीचं पाणी त्यातून गाळलं. पाणी इतकं निवळ दिसायचं की मडक्याचा तळ स्पष्ट दिसावा. पुंडलिक घोट घ्यायचा आणि तिच्याकडे बघायचा. तिने तेच पाणी उकळलं, अर्धं होईस्तोवर उकळलं. ते तर त्याने थुंकून टाकलं.

हौसाचं माहेर निडीचं. निडीला तिच्या लहानपणी दोन-तीन घरं बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. त्यांतल्या हासाजीचा आरोन शिकला आणि रोह्याच्या शाळेत प्रयोगशाळेत कामाला लागला. तीस वर्षं त्याने तिथल्या बरण्या, नळ्या धुतल्या, मुलांना आम्ल-अल्कली मांडून दिलं. निडीत कुणाला औषधाचं लेबल वाचून घ्यायचं असलं, विहिरीत काय पडलंय ते बघायचं असलं की लोक त्यालाच विचारायचे. हौसाने त्याला वीस वर्षांत बघितलं नव्हतं. तरी एका शनिवारी तिने रंभाला पुंडलिकपाशी बसवलं आणि पेणहून रोह्याची गाडी धरली.

आरोनकाका घरी होते. दारात त्यांना बघून तिला वाटलं, आपण चुकीच्या वेळी आलो. खोलीत पेट्या बांधून ठेवल्या होत्या. भिंतींवर तसबिरी काढल्याच्या चौकोनी खुणा होत्या.

"निडीची हौसा मी. धाकू म्हात्र्याची."

"व्हय व्हय. ये. बस गो. पेट्यांवर बस, खुर्च्या गेल्या." ते म्हणाले. "सारा, तुझी काकी, गेली दोन वर्षांमागं. आता लेक, तामार, बोलवतेय तिकडं, इस्रायलला. ज्येष्ठात जायचंय. बोल, काय काम काढलंस?"

तिने सगळं सांगितलं. बाटल्यांचंही सांगितलं. ते तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ते ऐकताना आरोनकाका खाली बघत होते.

"मडकी, तुरटी, शेवगा, यांनी गाळ जातो," ते सावकाश म्हणाले. "जंतू थोडे मरतात. मीठ जात नाय. मीठ पाण्यात विरघळलेलं असतं, वाळूतून ते पाण्याबरोबरच उतरतं. आणि उकळलंस तर मीठ तेवढंच राहतं, पाणी कमी होतं. तू मिठागरावरची बाई, तुला मी काय सांगायचं?"

हौसाने कपाळाला हात लावला. तिला हे ठाऊक होतं. रोज डोळ्यांसमोर बघत होती ती.

"मिठागरावर पाणी कुठं जातं?" त्यांनी विचारलं.

"उन्हानं उडून जातं."

"त्या उडालेल्या पाण्यात मीठ असतं?"

ती पेटीवरून पुढे सरकली.

"नसतं. ते पाणी धरायचं. शाळेत आम्ही दिव्यावर करायचो, तू उन्हावर कर. बाजूला कोळसा पडलाय बघ, उचल. मी सांगतो, तू जमिनीवर काढ. आज शनवार, आज मी लिहीत नाय, रेघसुद्धा ओढत नाय."

ते सांगत गेले तशा तिने उकिडवं बसून जमिनीवर रेघा ओढल्या. खाली काळी कडप्पा फरशी, कारण काळं लवकर तापतं. चारी बाजूंनी विटा, सिमेंटचा गिलावा; मागची भिंत उंच, पुढची ठेंगणी. आत चार बोटं खारं पाणी. वर काच, उतरती. वाफ काचेला आतून लागणार, घामासारखी जमणार, उताराने खाली ओघळणार. काचेच्या खालच्या काठाशी उभा चिरलेला बांबू, त्यातून पाणी बाहेर भांड्यात. फटी मातीने लिंपायच्या, वाफ सुटता कामा नये.

"दिवसाला किती पडंल?"

"चांगलं ऊन असलं तर दीड-दोन लिटर. त्याच्यावर नाय."

"तेवढाच लागतो," हौसा म्हणाली. मग काचेच्या रेघेवर तिचं बोट थांबलं. "काच कुठून आणू, काका?"

आरोनकाकांनी भिंतीतल्या कपाटाकडे बघितलं. साराच्या चिनी मातीच्या बशा त्यात असायच्या. आता फळ्या मोकळ्या होत्या. दोन्ही दारांना लांब काचा होत्या.

"उद्या घेऊन येतो," ते म्हणाले.

आणि रविवारी ते खरंच आले. सत्तरीला टेकलेला माणूस, गोधडीत गुंडाळलेल्या दोन काचा घेऊन रोह्याहून गाडीने पेणला, तिथून एसटीने वडखळला. नाक्यावर हौसा उभीच होती. काचा दोघांनी मिळून दीड कोस वाहिल्या. एका काचेचा कोपरा उडाला होता, पण तेवढं चालण्यासारखं होतं.

रंभाच्या नवऱ्याने विटा लावून दिल्या. पुंडलिक ओटीवर खाटेवर पडून बघत होता. आरोनकाकांनी काचेचं तोंड पूर्वेकडे ठेवलं, तसा तो पहिल्यांदा बोलला.

"असा नाय. दक्षिणेला करा. आन् त्या कुडाची सावली चार वाजता येते, चार हात पुढं घ्या."

आरोनकाकांनी त्याच्याकडे बघितलं, मग सूर्याकडे, आणि हसले. "बरोबर हाय. मिठाच्या माणसाला ऊन मी काय शिकवणार?"

सगळं पुन्हा उचलून चार हात पुढे घेतलं. त्या दिवशी पुंडलिक उठून बसला. बांबूला उतार कमी आहे, वारं दुपारनंतर फिरतं तेव्हा पश्चिमेची फट जास्त लिंपा, असं सांगत राहिला. हौसाला तो पुन्हा मिठागरावर उभा असल्यासारखा वाटला.

पहिले चार दिवस पाणी सिमेंटच्या वासाचं आलं, ते ओतून दिलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी तांब्या भरत आला होता. हौसाने पेला भरून त्याला दिला. त्याने घोट घेतला. गिळला नाही, बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग गिळला.

"काय?" तिने विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. "ह्यात कायच नाय." आणि पेला रिकामा करून पुढे केला.

त्या क्षणी तिला वाटलं, आता सांगून टाकावं. ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि कमळाकरचं पिंप, नरसाळं, मेणबत्ती सगळं सांगितलं. पुंडलिक ऐकत होता. आतून काचेला थेंब जमत होते, ओघळत होते.

"मी सांगितला व्हता तुला," तो म्हणाला. "पहिल्याच दिशी."

"व्हय."

"तू ऐकला नाय."

"नाय."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. त्याने कूस बदलली. नंतर त्याने तो विषय कधी काढला नाही, आणि तिला माफ केलं की नाही हेही तिला कधी कळलं नाही.

चैत्र आणि वैशाख त्या काचेखाली गेले. सकाळी हौसा आत विहिरीचं पाणी भरायची, तळाशी जमलेलं मीठ आठ दिवसांनी खरवडून टाकायची. पुंडलिक तांब्यात किती पडलं ते रोज विचारायचा. तोंडावरची सूज थोडी उतरली. एक दिवस त्याने भाकरीबरोबर हिरवी मिरची मागितली, तेव्हा हौसाने शेजारी जाऊन रंभाला ते सांगितलं. पण वैशाखाच्या शेवटी त्याला धाप लागायला लागली. बसल्याशिवाय झोप येईना. पेणला नेलं, तर डॉक्टरने या वेळी तिला बाहेर बोलावलंच नाही, त्याच्यासमोरच मान हलवली.

ज्येष्ठाच्या चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. ओटीवरच, भिंतीला टेकून बसल्या बसल्या. पेल्यात अर्धं पाणी उरलेलं होतं.

दहा दिवसांनी हौसा एकटीच पेणला डॉक्टरकडे गेली. तिला एवढंच विचारायचं होतं, की त्या अडीच महिन्यांच्या पाण्याने तो गेला का. डॉक्टरने जुने कागद पुन्हा चाळले. "मूत्रपिंडं आधीच गेलेली होती, बाई. त्या पाण्यानंच झालं असं मला सांगता येत नाही." मग म्हणाला, "आणि त्या पाण्यानं नाही झालं, असंही नाही सांगता येत."

येताना ती नाक्यावर उतरली. कमळाकरची टपरी भरलेली होती. मुंबईची एक बाई लहान मुलाच्या तोंडाला बाटली लावत होती. हौसा तिच्याजवळ गेली. "ताई, ते पाणी नका देऊ पोराला. बोअरचं खारं पाणी हाय. मागं भरतात." बाईने तिच्याकडे बघितलं, तिच्या फाटक्या पदराकडे बघितलं आणि मुलाला घेऊन गाडीत बसली. बाटली तिने टाकली नव्हती. कमळाकर आतून ओरडला, "नवरा मेला म्हणून डोकं फिरलंय हिचं. लक्ष नका देऊ." रांगेतली माणसं हसली नाहीत, पण हललीही नाहीत. पेणच्या कचेरीत तिने कुणाकडून तरी अर्ज लिहून दिला. चौकशीला माणूस आला, कमळाकरच्या टपरीवर चहा पिऊन गेला.

आरोनकाका ठरल्याप्रमाणे इस्रायलला गेले. जाण्याआधी रोह्याहून त्यांचं कार्ड आलं होतं. रंभाच्या सुनेने, मनस्वीने, ते वाचून दाखवलं. पावसात कौलांची पहिली धार सोडून द्यावी, मग स्वच्छ कापडातून पाणी पिंपात धरावं, झाकून ठेवावं, चार महिने काचेचं काम नाही. उन्हं आली की काच पुसून पुन्हा लावावी. पुंडलिकला नमस्कार सांगावा, असं शेवटी होतं. कार्ड टाकलं तेव्हा त्यांना कळलेलं नव्हतं.

पावसाळ्यात मनस्वीला दिवस गेले. मार्गशीर्षात पावसाचं पिंप संपलं तेव्हा तिला सहावा होता आणि तिचे पाय सुजायला लागले होते. रंभा एका संध्याकाळी येऊन उंबऱ्याशी उभी राहिली. तिची नजर तांब्यावर होती. हौसाने तांब्यावर फडकं टाकलं आणि तिच्या हातात दिला.

त्यानंतर रोज संध्याकाळी तांब्या रंभाच्या घरी जायचा. गावात आणखी दोघांनी असलं काही करायचं मनावर घेतलं. एकाला काच मिळाली नाही, दुसऱ्याची शेळीने उडी मारून फोडली. थंडीत ऊन कोवळं, पाणी कमी पडायचं. कधी पाऊण तांब्या, ढगाळ दिवशी पेलाभर. तेवढं एका माणसाला जेमतेम पुरायचं, दोघांना नाही.

हौसा स्वतः विहिरीचंच पीत राहिली. रंभाने एकदा विचारलं, तर म्हणाली, "माला सवय हाय." मग घमेलं उचललं आणि मिठागराची वाट धरली. पायाचे घोटे तिने लुगड्याने झाकले होते.